अंगणातील प्रकाशझोत : निवड, उभारणी आणि सुरक्षितता

ग्रामीण भागातील घरांच्या रचनेत गेल्या काही दशकांत जे बदल झाले, त्यांत घरालगत उभी राहिलेली गाडीची शेड हा एक ठळक बदल होय. कोठे तीत मोटार असते, कोठे ट्रॅक्टर, तर कोठे मोटारसायकलीच्या शेजारीच कडबा व खताच्या गोण्या रचलेल्या असतात. रात्री उशिरा परतणाऱ्या माणसाला वाट दिसावी, विंचूकाटा पायाखाली येऊ नये आणि चोरापासून मालाचे रक्षण व्हावे, या हेतूने अशा शेडच्या दर्शनी भागावर झोताचा दिवा लावण्याची प्रथा आता सर्वत्र रूढ झाली आहे. बाजारात हे दिवे स्वस्त व मुबलक मिळतात. तथापि दिवा विकत घेणे सोपे असले, तरी तो भर पावसातही निर्धोक राहील अशा रीतीने बसविणे ही वेगळी बाब आहे. पावसाळ्यात पत्र्याच्या शेडमध्ये अथवा कपडे वाळत घालण्याच्या तारेत वीज उतरून झालेल्या दुर्घटनांच्या वार्ता दरवर्षी वाचावयास मिळतात. अशा दुर्घटनेत बहुधा घरातील कर्ती स्त्री, मूल किंवा दावणीचे जनावर बळी पडते. म्हणूनच या साध्या वाटणाऱ्या विषयाचा शास्त्रीय परिचय करून घेणे अगत्याचे ठरते.

हॅलोजनकडून एलईडीकडे

पूर्वी अंगण उजळण्यासाठी ५०० वॅटचा हॅलोजन दिवा वापरीत. त्यात तार तापून प्रकाश निर्माण होई, मात्र विजेचा फार मोठा भाग उष्णतेच्या रूपाने वाया जाई. इसवी सनाच्या १९९० नंतरच्या दशकात निळा प्रकाश देणारा प्रभावी डायोड सिद्ध झाला आणि त्यामुळे पांढऱ्या एलईडी दिव्यांचा मार्ग मोकळा झाला. या कार्याबद्दल इसामु अकासाकी, हिरोशी अमानो व शुजी नाकामुरा या शास्त्रज्ञांना २०१४ चे भौतिकशास्त्राचे नोबेल पारितोषिक देण्यात आले. आपल्या देशात जानेवारी २०१५ मध्ये घरगुती दिवे आणि रस्त्यांवरील दिवे यांसाठी राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाले व एलईडी दिवा खेड्यापाड्यांत पोहोचला.

दोहोंतील तफावत साध्या हिशोबाने ध्यानात येईल. ५०० वॅटचा हॅलोजन रोज ८ तास जळल्यास एका रात्रीत ४ युनिट, म्हणजे महिन्याला १२० युनिट वीज खर्च होते. ३० वॅटचा एलईडी तितकाच वेळ जळल्यास महिन्याला केवळ ७.२ युनिट लागतात. चांगला एलईडी दर वॅटमागे सुमारे १०० ल्युमेन प्रकाश देतो. घरासमोरील सामान्य आकाराच्या अंगणास २० ते ३० वॅटचा, म्हणजे दोन ते तीन हजार ल्युमेनचा दिवा पुरेसा होतो. खरेदीच्या वेळी वॅटच्या आकड्याबरोबर ल्युमेनचा आकडाही पाहावा, कारण वॅट हे खर्चाचे माप आहे, तर ल्युमेन हे प्रकाशाचे.

निवड करताना

खोक्यावर ‘आयपी’ या अक्षरांपुढे दोन अंक छापलेले असतात. पहिला अंक धुळीपासून मिळणारे संरक्षण दर्शवितो व दुसरा पाण्यापासूनचे. उघड्यावरील दिव्यासाठी ‘आयपी ६५’ किंवा त्याहून वरची श्रेणी घ्यावी. त्यातील ६ म्हणजे धूळ पूर्णतः बंद, तर ५ म्हणजे पाण्याच्या झोताचाही आत शिरकाव नाही. घरात वापरावयाचा दिवा वळचणीला बसवून भागेल, हा समज चुकीचा आहे, कारण वाऱ्याबरोबर येणारा पाऊस आडवा मारतो.

प्रकाशाचा रंग हीदेखील विचारात घेण्याजोगी बाब आहे. तो केल्व्हिन या एककात सांगतात. सुमारे २७०० ते ३००० केल्व्हिनचा प्रकाश पिवळसर, तर ६५०० केल्व्हिनचा निळसर पांढरा असतो. निळसर प्रकाशाकडे कीटक अधिक आकृष्ट होतात. शेतकरी बांधव शेतात प्रकाश सापळा लावतात तो किडींच्या याच स्वभावाचा लाभ घेण्यासाठी. गोठा किंवा स्वयंपाकघर जवळ असेल तेथे निळसर दिवा लावणे म्हणजे तोच सापळा दारात मांडणे होय. अशा ठिकाणी पिवळसर दिवा पसंत करावा.

दिवा कोठे व किती उंचीवर

दिवा साधारणतः ३ ते ४ मीटर उंचीवर बसवावा. उंची दुप्पट केली की दिव्याच्या थेट खाली पडणारा प्रकाश एकचतुर्थांश होतो, हा भौतिकशास्त्रातील नियम येथेही लागू पडतो. झोताचा मध्य दिव्याच्या उंचीच्या दुपटीपेक्षा दूर नेऊ नये. दिवा ४ मीटरवर असेल, तर झोताचा मध्य भिंतीपासून ८ मीटरच्या आत जमिनीवर पडावा. याहून दूर फेकण्यासाठी दिवा वर उचलल्यास अंगण उजळण्याऐवजी समोरून येणाऱ्याचे डोळे दिपतात.

डोळे दिपणे ही केवळ गैरसोय नव्हे. प्रखर उगम दिसताच डोळ्यांची बाहुली आकुंचन पावते आणि त्यालगतचा अंधार अधिकच गडद भासतो. अंधारात नीट दिसू लागण्यास डोळ्यांना पुन्हा बराच वेळ लागतो. म्हणजे ज्या चोरासाठी दिवा लावला, त्यालाच झोतामागे लपावयास जागा मिळते. यासाठी ५० वॅटचा एकच दिवा मध्यभागी लावण्यापेक्षा २० वॅटचे दोन दिवे शेडच्या दोन कोपऱ्यांवर, खाली कलते लावणे श्रेयस्कर. त्यामुळे उभ्या गाडीची गडद सावली पडत नाही. दिवा लावल्यावर रस्त्यावर आणि शेजाऱ्याच्या खिडकीपाशी उभे राहून पाहावे. तेथून दिव्याची चकाकती पाटी थेट दिसत असेल, तर तो आणखी खाली वळवावा.

चाहूल लागताच पेटणारा दिवा घेतल्यास विजेची अधिक बचत होते. त्यातील संवेदक शरीराच्या उष्णतेची हालचाल टिपतो. समोरून सरळ चालत येणाऱ्यापेक्षा आडवे जाणारे माणूस त्यास लवकर उमगते. म्हणून तो वाटेच्या दिशेने नव्हे, तर वाटेला आडवा बसवावा. चूल, धुराडे अथवा हलणाऱ्या फांद्या त्याच्या समोर येऊ देऊ नयेत.

सुरक्षिततेचे मर्म

आता या लेखातील सर्वांत महत्त्वाच्या मुद्द्याकडे वळू. घरात एमसीबी आहे, दिव्याला अर्थिंगही दिले आहे, तेव्हा धोका उरला नाही, असे पुष्कळांना वाटते. हा समज किती घातक आहे, ते एका उदाहरणाने स्पष्ट होईल.

समजा, दिव्यात पाणी शिरून अथवा तारेचे आवरण फाटून वीज धातूच्या कवचात उतरली. अर्थिंगचा खड्डा जुना आहे, मुरमाड जमीन उन्हाळ्यात कोरडी पडली आहे आणि त्याचा रोध ५० ओहम झाला आहे. २३० व्होल्टला ५० ने भागल्यास ४.६ अँपिअर प्रवाह जमिनीत वाहू लागेल. दिव्याच्या मंडलावर ६ अँपिअरची एमसीबी असेल, तर इतक्या प्रवाहाने ती पडणार नाही. दिवा कदाचित जळतच राहील आणि कवच, त्याला टेकलेला पत्रा व त्या पत्र्याला बांधलेली कपड्यांची तार ही सर्व विजेने भारलेली राहतील. मनुष्याच्या शरीरातून जाणारा ०.०५ अँपिअर इतका अल्प प्रवाहही हृदयाची क्रिया बिघडविण्यास पुरेसा ठरू शकतो. एमसीबीचे काम तारांचे अतिप्रवाहापासून रक्षण करणे हे आहे. मनुष्याच्या रक्षणासाठी ती योजलेलीच नाही.

ते काम करणारे उपकरण वेगळे असून त्यास आरसीसीबी म्हणतात. आत जाणारा व परत येणारा प्रवाह समान आहे की नाही, याची ते सतत तुलना करते. त्यांत ३० मिलिअँपिअरची, म्हणजे ०.०३ अँपिअरची तफावत पडली, तर वीज अन्यत्र गळते आहे असे समजून ते सेकंदाच्या अल्पांशात पुरवठा तोडते. वरील उदाहरणात ४.६ अँपिअरची गळती होताच, कोणाचा हात लागण्यापूर्वीच, ते पडले असते. अर्थिंग व आरसीसीबी ही दोन्ही परस्परपूरक आहेत. अर्थिंग गळतीला वाट देते आणि आरसीसीबी ती ओळखून पुरवठा थांबवते. म्हणून उघड्यावरील दिव्याच्या मंडलास ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी असणे आवश्यक मानावे.

काही ठिकाणी अर्थिंगची तार न ओढता दिव्याचे कवच न्यूट्रलला जोडण्याची पळवाट काढली जाते. हे अत्यंत धोक्याचे आहे. मागे कोठेही न्यूट्रल तुटल्यास कवचात पूर्ण दाबाची वीज येते. पत्र्याच्या शेडचा लोखंडी सांगाडाही स्वतंत्रपणे अर्थिंगला जोडावा आणि कपडे वाळत घालण्याची तार त्या सांगाड्यास कदापि बांधू नये. तारेऐवजी सुती किंवा नायलॉनची दोरी वापरल्यास धोक्याचे एक कारण कायमचे दूर होते.

उभारणीचा क्रम

नवीन वीजबिंदू काढण्याचे काम परवानाधारक वीज कंत्राटदारामार्फतच करून घेतले पाहिजे. केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या २०२३ च्या सुरक्षाविषयक विनियमांनी तसे बंधन घातले आहे. गृहस्वामीने मात्र पुढील बाबी स्वतः पाहून घ्याव्यात.

१. काम सुरू करण्यापूर्वी मुख्य स्विच बंद करावा. टेस्टर प्रथम चालू असलेल्या वीजबिंदूवर तपासून घ्यावा व मगच बंद केलेल्या तारेवर लावावा. बिघडलेला टेस्टर न पेटता फसवितो.

२. दिव्यासाठी तांब्याची तीन तारांची जोडणी घ्यावी. १.५ चौरस मिलिमीटरची तार पुरेशी होते. स्विच नेहमी फेजच्या तारेवर असावा. तो न्यूट्रलवर असल्यास दिवा विझला तरी त्यात वीज राहते.

३. तार पीव्हीसी नळीतून न्यावी. पत्र्यातून आरपार नेताना छिद्राला रबरी कडे बसवावे, अन्यथा वाऱ्याने हलणाऱ्या पत्र्याची धार आवरण कापते.

४. दिव्यात शिरण्यापूर्वी तारेला खाली झोका द्यावा, म्हणजे तारेवरून ओघळणारे पाणी तेथेच खाली ठिबकेल. तारेचा सांधा उघड्यावर चिकटपट्टी गुंडाळून ठेवू नये. तो जलरोधक पेटीत असावा व पेटीत तार खालच्या बाजूने शिरावी.

५. दिव्याची पट्टी भिंतीत पक्क्या खिळवणीने बसवावी. मागील पंखांसारख्या पट्ट्या उष्णता बाहेर टाकण्यासाठी असतात. त्या झाकल्या गेल्यास दिव्याचे आयुष्य घटते.

६. शिडी लाकडी किंवा फायबरची असावी. भिंतीपासून तिच्या पायाचे अंतर उंचीच्या साधारण एकचतुर्थांश ठेवावे व खाली एकाने ती धरून उभे राहावे. घराकडे येणारी उघडी वीजतार जवळ असेल, तर ॲल्युमिनियमची शिडी उचलूच नये.

काम झाल्यावर आरसीसीबीवरील ‘टेस्ट’ असे लिहिलेले बटण दाबून ती पडते की नाही ते पाहावे. पुढेही महिन्यातून एकदा हे करावे. मृगाच्या पावसापूर्वी अर्थिंगचा रोध मोजून घ्यावा, तारांची आवरणे पाहावीत आणि काचेवरील धूळ व मागील घरटी काढावीत.

अंधाराचेही महत्त्व

प्रकाश हवा, तसा काही ठिकाणी अंधारही हवा असतो. सोयाबीन हे दिवस लहान होऊ लागल्यावर फुलणारे पीक आहे. रात्रभर दिव्याच्या उजेडात राहिलेल्या कडेच्या ओळी बाकीचे पीक वाळले तरी हिरव्या राहतात, हे अनेक शेतकऱ्यांनी पाहिले असेल. अकोले तालुक्यात भंडारदऱ्याच्या परिसरात वळवाच्या सुमारास झाडे काजव्यांनी लखलखतात. त्या लुकलुकीतूनच काजव्यांचे नर व मादी एकमेकांस ओळखतात आणि कृत्रिम झोत ही खूण पुसून टाकतो. नागपूर जिल्ह्यातील पेंच व्याघ्र प्रकल्पास जानेवारी २०२४ मध्ये भारतातील पहिले ‘डार्क स्काय पार्क’ म्हणून आंतरराष्ट्रीय मान्यता मिळाली. त्यासाठी लगतच्या गावांतील दिवे खाली वळविणारे करण्यात आले. गावे अंधारात न ठेवता आकाश काळेभोर राखता येते, हे या उदाहरणाने दाखवून दिले.

या कामी गावातील जाणत्या मंडळींना बरेच काही करता येण्यासारखे आहे. शिक्षकांना शाळेच्या विद्युतफलकावरील आरसीसीबी दाखवून विज्ञानाचा एक जिवंत पाठ देता येईल, तर सायंकाळी मुलांना घेऊन अंगणातील झोत कोठवर पोहोचतो याचे मोजमाप करता येईल. ग्रामपंचायत सदस्यांनी पावसाळ्यापूर्वीच्या ग्रामसभेत पत्र्याच्या शेडमधील वीजजोडणीचा विषय घ्यावा आणि परवानाधारक वीज कंत्राटदारास बोलावून एका दिवसात एका वस्तीची पाहणी घडवून आणावी. ग्रामपंचायत कार्यालय व शाळा यांच्या इमारतींपासून तिचा आरंभ करणे उचित होईल. ३० वॅटच्या दिव्यावर होणाऱ्या खर्चाबरोबर आरसीसीबी व अर्थिंग यांचाही खर्च धरला, तरच तो दिवा खऱ्या अर्थाने घराच्या उपयोगी पडेल.