सात कितीदा येतो? शिष्यवृत्तीच्या वर्गातले अनुभवाचे बोल

जिल्हा परिषदेच्या शाळेत पाचवीच्या मुलांची शिष्यवृत्ती परीक्षेची तयारी मी करून घेते. पेपर एकला प्रथम भाषा आणि गणित, पेपर दोनला तृतीय भाषा आणि बुद्धिमत्ता चाचणी. प्रत्येक पेपरला ७५ प्रश्न आणि दीड तास, म्हणजे एका प्रश्नाला सरासरी ७२ सेकंद. अंक मोजायची उदाहरणं गणितात येतात, संख्यामालिका बुद्धिमत्तेत. दोन्हींना नजर मात्र एकच लागते. अख्ख्या संख्येकडे न बघता तिच्या अंकांकडे आणि त्यांच्या जागांकडे बघायचं. ती नजर मुलांना कशी येते, याबद्दल मला कळलेलं इथे लिहिते.

१. चौकट पाठ करून घेऊ नये.

बहुतेक गाइडांत एक चौकट असते: १ ते १०० मध्ये ० हा अंक ११ वेळा, १ हा २१ वेळा आणि २ ते ९ प्रत्येकी २० वेळा येतात. चौकट बरोबर आहे, तरी मी ती फळ्यावर लिहीत नाही. प्रश्नात ‘१ ते २५०’ आलं की तिच्यावर विसंबलेलं मूल अडून बसतं.

त्याऐवजी मी मुलांना ०० पासून ९९ पर्यंत सगळ्या संख्या दोन-दोन अंकी लिहायला लावते. शंभर संख्या, दोनशे अंक. दहाही अंकांना सारखीच संधी, म्हणून प्रत्येक अंक २० वेळा. हे मुलांना न सांगता पटतं. मग हिशेब करायचा: १०० मुळे एकाची भर पडली, म्हणून १ हा २१ वेळा. शून्याचं जरा वेगळं. ०० मधली दोन आणि ०१ ते ०९ मधली नऊ शून्यं आपण सोयीसाठी लिहिली होती, ती काढली की ९ उरतात. त्यात १०० मधली दोन मिळवली की ११. चौकट मुलांनी स्वतः तयार केलेली असते, त्यामुळे ती विसरली तरी पुन्हा करता येते. पुढे ००० ते ९९९ घेतलं की तीन हजार अंक आणि प्रत्येक अंक ३०० वेळा, हे मुलंच सांगतात.

२. प्रश्नाची भाषा बोट ठेवून वाचायला लावावी.

‘७ हा अंक किती वेळा येतो?’ आणि ‘किती संख्यांमध्ये ७ हा अंक येतो?’ हे दोन वेगळे प्रश्न आहेत. पर्यायांत १९ आणि २० दोन्ही असतात, आणि घाईत वाचणारं मूल तिथेच गुण घालवतं.

यासाठी तक्ता ० ते ९९ असाच काढावा. १ ते १०० च्या नेहमीच्या तक्त्यात ७० ही संख्या वरच्या ओळीच्या टोकाला जाते आणि आडवी ओळ मोडते. ० ते ९९ मध्ये ७० ते ७९ सलग एका ओळीत येतात आणि ७, १७, २७… हा उभा स्तंभ तिला छेदतो. मुलं एककाच्या सातांना लाल गोल करतात, दशकाच्या सातांना निळा. ७७ वर दोन्ही रंग पडतात. गोल २०, पण रंगलेली घरं १९. एकदा हे डोळ्यांनी बघितलेलं मूल या प्रश्नात सहसा फसत नाही.

‘३५ ते ८७’ आणि ‘३५ व ८७ यांच्या दरम्यान’ यांचंही तसंच. पहिल्यात ५३ संख्या, दुसऱ्यात ५१.

३. एका वेळी एकच स्थान मोजावं.

१ ते २५० मध्ये २ हा अंक किती वेळा? एककस्थानी २, १२, २२… २४२: एकूण २५. दशकस्थानी २० ते २९, १२० ते १२९, २२० ते २२९: एकूण ३०. शतकस्थानी २०० ते २५०: एकूण ५१. बेरीज १०६. शतकस्थानचे ५१ हे मुलांच्या ध्यानातच येत नाहीत, कारण त्यांचं लक्ष ‘दर शेकड्याला वीस’ यावर असतं.

४. पानांच्या उदाहरणात १८९ ही एकच संख्या लक्षात राहिली तरी पुरे.

एक अंकी पानांना ९ अंक, दोन अंकी नव्वद पानांना १८०, मिळून १८९. तीन अंकी पानांना दर पानामागे तीन. जुन्या छापखान्यात प्रत्येक अंकाला एक खिळा लागायचा, हे सांगितलं की मुलांना उदाहरण खरं वाटायला लागतं. क्रमांक घालायला १०९५ अंक लागले, तर पाने किती? १०९५ मधून १८९ वजा केले, ९०६ उरले. तिनाने भागून ३०२. त्यात पहिली ९९ पाने मिळवून ४०१.

हीच युक्ती १२३४५६७८९१०११… या न संपणाऱ्या माळेला लागू पडते. ५०० वा अंक कोणता? ३११ अंक उरतात, म्हणजे १०३ पूर्ण तीन अंकी संख्या आणि वर दोन अंक. १०० पासूनची १०३ वी संख्या २०२, पुढची २०३, तिचा दुसरा अंक ०. डी. जी. चॅम्परनाउन याने केंब्रिजमध्ये विद्यार्थी असताना, १९३३ साली, याच माळेच्या आधी दशांशचिन्ह ठेवून सिद्ध केलं की तिच्यात दहाही अंक अखेर सारख्याच प्रमाणात येतात. पाचवीतल्या मुलांना सिद्धता कळणार नाही. पण आपण वहीत करतो ते मोठ्या गणितातही आहे, हे त्यांना कळावं असं मला मनापासून वाटतं.

५. मालिकेत आधी फरक बघावा, फरकाने दाद दिली नाही तर अंक बघावेत.

२, ६, १२, २०, ३० मध्ये फरक ४, ६, ८, १०, म्हणून पुढे ४२. इथवर सगळी मुलं येतात. पण २१, २४, ३०, ३३, ३९, ५१, ? इथे फरक ३, ६, ३, ६, १२ असे नाचतात. प्रत्येक संख्येत तिच्याच अंकांची बेरीज मिळवली की उलगडतं: ३९ मध्ये १२ मिळवून ५१, ५१ मध्ये ६ मिळवून ५७.

देवळालीला शाळेत शिकवणारे द. रा. कापरेकर यांनी अशा माळांचा आयुष्यभर अभ्यास केला. ६१७४ साठी जग त्यांना ओळखतं, पण मला त्यांच्या स्वयंभू संख्या जास्त आवडतात. कुठल्याही संख्येत तिच्या अंकांची बेरीज मिळवून २० मिळवून दाखवा. मिळत नाही, म्हणून २० स्वयंभू. हे वर्गात सांगितलं तेव्हा एक मुलगी वरची मालिका उलटी सोडवत बसली. २१ च्या मागे १५, त्याच्या मागे १२, मग ६, मग ३. तीनच्या मागे काही सापडेना. “बाई, तीनला आईबाप नाहीत!” ती ओरडली. तो प्रश्न कुठल्याही पेपरात नव्हता, आणि त्या तासाला आमचं ठरलेलं काम बाजूला राहिलं. राहू दिलं.

६. दोन नियम बसले तर पर्याय बघावेत.

२, ४, ८ च्या पुढे १६ म्हणणारं मूल बरोबर आणि १४ म्हणणारंही बरोबर. एकाने दुप्पट केली, दुसऱ्याने फरक २, ४, ६ धरला. दुसऱ्याला चूक म्हणू नये. प्रश्नात आणखी पद दिलं असेल तर ते निवाडा करतं, नाहीतर चार पर्याय करतात.

७. कच्चं काम तीन ओळींत करायची सवय लावावी.

ए, द, श अशी अक्षरं डावीकडे, प्रत्येकासमोर मोजलेली संख्या, खाली बेरीज. उत्तर पर्यायांत नसेल तर सगळं पुन्हा मोजू नये. शेवटची संख्या ज्या स्थानावर अर्धवट तुटते, तेवढंच तपासावं. १ ते २५० मध्ये ते शतकस्थान, १ ते ३२६ मध्ये २ मोजायचे असतील तर दशकस्थान: ३२० ते ३२६ एवढे सातच. तरीही जमेना, तर प्रश्नाला खूण करून पुढे जावं आणि शेवटच्या दहा मिनिटांत परत यावं.