तारीख चुकली, दावा संपला?

प्रश्न : माझ्या नेपाळी रूममेटने इथे आश्रयासाठी अर्ज केला होता. घर बदलल्याने सुनावणीची नोटीस मिळाली नाही आणि गैरहजेरीतच त्याला देशाबाहेर काढण्याचा आदेश झाला. लोक म्हणतात, ३० दिवसांत अपील करा. करावं का?
— एक वाचक, न्यू जर्सी

उत्तर : दावा संपलेला नाही, पण अपिलाचा सल्ला चुकीचा आहे. गैरहजेरीतल्या आदेशाविरुद्ध आधी इमिग्रेशन न्यायाधीशाकडेच प्रकरण पुन्हा उघडण्याचा अर्ज करावा लागतो. कायद्याप्रमाणे नोटीस मिळालीच नसेल तर त्याला मुदत नाही. स्वतःचं गंभीर आजारपण, आईवडिलांचा मृत्यू अशा कारणांसाठी १८० दिवस. असा अर्ज न्यायाधीशांपुढे प्रलंबित असेपर्यंत हकालपट्टी कायद्यानेच थांबते.

खरी मेख पत्त्यात आहे. पत्ता बदलल्यावर ५ दिवसांत कोर्टाला कळवणं त्याचं काम होतं. कळवलं नसेल, तर जुन्या पत्त्यावर गेलेली नोटीसही पुरेशी धरली जाऊ शकते. म्हणून आधी फाइलची नक्कल मागवून नोटीस कुठे गेली ते तपासा. अर्ज सहसा एकदाच करता येतो. फॉर्म भरून देणाऱ्या एजंटाच्या नादी न लागता इमिग्रेशनचा वकील गाठा. आणि तोवर त्यानं अमेरिका सोडू नये.