तिसऱ्या खांबापाशी

नगर

चि. बाळास,


तुझा दीक्षाविधी आटोपून घरी आलो, पण मन अजून तिथेच आहे. तुझ्या आईच्या डोळ्यांचं पाणी खळत नव्हतं. आता चाळीस घरांची मंडळी तुझ्या हाती आली. पहिल्याच रविवारचा उपदेश लोकांना आवडला असं लिहिलंस, वाचून समाधान वाटलं. पण बाळा, उपासनेला कोण कोण नव्हतं, ते तुझ्या पत्रात कुठेच नाही.

माझ्या सेवेच्या सुरुवातीला आमच्या मंडळीत एक म्हातारी होती. डावीकडे तिसऱ्या खांबापाशी चटईवर बसायची. अक्षरओळख नव्हती, तरी गीतांचं पुस्तक मांडीवर उघडं ठेवायची. भजनं सगळी तोंडपाठ. एका रविवारी ती आली नाही. मग दुसऱ्या, तिसऱ्याही. गुडघे धरले असतील, असं मी मनाशी ठरवून टाकलं आणि दोन महिन्यांनी तिच्या घरी गेलो. ती ज्वारी निवडत बसली होती. मला पाहताच सूप बाजूला सारलं, पदर सावरला आणि खाली मान घालून म्हणाली, "साहेब, वर्गणी राहिली हो माझी." महिनाअखेरीस बाकीदारांची नावं उपासनेत वाचायची तिथे रीत होती. त्या यादीत तिचं नाव होतं, यादी मीच वाचली होती, आणि मला ते आठवतसुद्धा नव्हतं! त्या दिवशी माझ्या तोंडून प्रार्थना फुटेना. शेवटी तिनेच केली, माझ्यासाठी.

ती यादी मी बंद करवली. तुझ्याकडे तशी रीत असेल तर पहिल्याच महिन्यात पंचांशी बोल. दान दोघांनी सगळ्यांसमोर मोजावं, वहीत दोघांच्या सह्या असाव्यात. तू स्वतः पैशाला हात लावू नकोस.

दिवाळीनंतर आपल्या रानात धनगर मेंढ्या बसवायचे, आठवतं? वाडा हलला की घोड्यावरच्या ओझ्यातून कोकरांची तोंडं बाहेर डोकावायची. चालवत नाही म्हणून कोकरू कुणी मागे टाकलं नाही. यहेज्केलाच्या 34व्या अध्यायात देव इस्राएलाच्या मेंढपाळांना जाब विचारतो, तो अध्याय सावकाश वाच. ते नीट बोलत नव्हते, अशी तक्रार तिथे नाही. दुखणाईत तशीच राहिली, हरवलेलीच्या मागे कुणी गेलं नाही, आणि मेंढपाळ मात्र स्वतःचं पोट भरत राहिले, हा त्यांचा गुन्हा आहे.

म्हणून घरोघरी जा. मयत किंवा आजारपण असलं की पाळक येतो, हे लोकांना ठाऊक असतं. काहीच कारण नसताना गेलास, की माणूस मनातलं बोलतं. एका घरात ऐकलेलं दुसऱ्या घरी नेऊ नकोस, बायकोलाही सांगू नकोस. पंचांच्या निवडणुकीत दोन तट पडतील. चहा दोन्हीकडे घे, बाजू कुणाचीच घेऊ नकोस.

नवरा ख्रिस्ती आणि बायको नाही, अशी घरंही असतील. तिथे घाई नको. नारायण वामन टिळकांचा बाप्तिस्मा 1895 साली झाला, लक्ष्मीबाईंचा 1900 साली. त्या पाच वर्षांत त्या बाईच्या जिवाची काय उलघाल झाली, ती 'स्मृतिचित्रे'त तिच्याच शब्दांत आहे. सेमिनरीत वाचलं असशील, तरी आता पाळक म्हणून पुन्हा वाच.

सोमवारी विश्रांती घे. सूनबाईला नवं गाव एकटं वाटत असेल, तिकडेही लक्ष असू दे.

पुढच्या पत्रात उपदेशाचं नको, चाळीसपैकी किती उंबरे चढून झाले ते कळव. कापणीच्या सणाला मी येतोय. माझ्यासाठी पुढे खुर्ची मांडू नकोस, एखाद्या खांबापाशी चटईवर बसेन.

तुझा,
काका