फादर स्टीफन्स यांची 'दौत्रिना': बालकांच्या ख्रिस्ती धर्मशिक्षणाची भाषा

फादर थॉमस स्टीफन्स यांचे 'ख्रिस्तपुराण' मराठीच्या पदव्युत्तर विद्यार्थ्यांना परिचित आहे. त्याचे दोन भाग, सुमारे अकरा हजार ओव्या आणि मराठीच्या गौरवाचा त्यातील भाग यांचा उल्लेख वाङ्मयेतिहासात हटकून येतो. याच लेखणीतून उतरलेल्या दुसऱ्या एका लहान पुस्तकाकडे मात्र मराठी अभ्यासकांनी जवळजवळ पाठच फिरविली आहे. 1622 मध्ये, म्हणजे स्टीफन्स यांच्या निधनानंतर तीन वर्षांनी, गोव्यातील रायतूर येथील जेझुइट विद्यालयात हे पुस्तक छापले गेले. 'ख्रिस्ती दौत्रिना' असे त्याचे नाव असून बामण कानारी भाषेत, मुलांना शिकविण्यासाठी, संवादरूपाने त्याची मांडणी केली असल्याचे त्याच्या मुखपृष्ठावरच नमूद आहे. मारियानो साल्दान्य यांनी 1945 मध्ये लिस्बन येथून त्याची छायाप्रत-आवृत्ती प्रस्तावना, टिपा व शब्दसंग्रह यांसह प्रसिद्ध केली. त्यामुळे साधनाचा अभाव ही सबब येथे पुरत नाही. बामण कानारी म्हणजे कोंकणी, म्हणून मराठीच्या इतिहासात तिला जागा नाही, असा युक्तिवाद केला जातो. कोंकणी ही स्वतंत्र भाषा आहे, याबद्दल आज वाद नाही. तथापि ओवीसाठी ग्रांथिक मराठी आणि बालकांसाठी बोली अशी निवड एकाच लेखकाने जाणीवपूर्वक केली असेल, तर एक अर्धा भाग वाचून दुसरा बाजूला ठेवणे हा अभ्यास अपुराच म्हणावा लागेल.

या दोन ग्रंथांचे नाते खुद्द पुराणाच्या आरंभीच सूचित झाले आहे. साष्टी प्रांतात धर्मशिक्षणाचा पाठ चालू असता एक ब्राह्मण ख्रिस्ती पुढे येतो आणि पाद्रीला विनवितो. दौत्रिना शिकविली हे बरे झाले, परंतु पूर्वीची पुराणे वाचण्यास आता मनाई आहे, तर त्यांच्या जागी दुसरे काही पुराण का देत नाही, असा त्याच्या बोलण्याचा आशय आहे. हा प्रसंग कल्पित असो वा घडलेला, त्यातून एक गोष्ट उघड होते. दौत्रिना आधी होती आणि ती पुरत नव्हती. पुराण हे तिच्या अपुरेपणातून जन्मले.

दौत्रिना मुळात स्टीफन्स यांची स्वतंत्र रचना नव्हे. मार्कोस जोर्ज या पोर्तुगीज जेझुइटाने सोळाव्या शतकाच्या उत्तरार्धात मुलांसाठी लिहिलेल्या प्रश्नोत्तरी पुस्तकाचे ते रूपांतर आहे. त्या काळात या पोर्तुगीज पुस्तकाने जितका प्रवास केला, तितका फार थोड्या पुस्तकांनी केला असेल. 1579 मध्ये कोचीन येथे ते तमिळमध्ये छापले गेले, 1592 मध्ये जपानमधील आमाकुसा येथे जपानीत आणि 1624 मध्ये लिस्बन येथे आफ्रिकेतील कोंगो राज्याच्या भाषेत. कोंकणी रूपांतर या मालिकेत बसते.

अशा पुस्तकाचा साचा ठरलेला असे. क्रुसाची खूण कशी करावी आणि ती करताना कोणाचे नाव घ्यावे, येथून आरंभ होई. पुढे श्रद्धेचा अंगीकार, म्हणजे देव एकच असून त्याच्या ठायी पिता, पुत्र व पवित्र आत्मा हे त्रैक्य आहे, पुत्राने मनुष्यदेह घेतला, तो क्रुसावर मरण पावला व पुन्हा उठला, ही विधाने येत. त्यानंतर प्रभूने शिकविलेली प्रार्थना, मारियेची वंदना, दहा आज्ञा, ख्रिस्तसभेचे नियम, पापांचे प्रकार, भुकेल्याला अन्न व उघड्याला वस्त्र देण्यासारखी दयेची चौदा कामे आणि सात साक्रामेंत. कॅथलिक मताप्रमाणे साक्रामेंत ही अदृश्य कृपेची दृश्य खूण होय. पाणी ओतल्याने मूल ख्रिस्ती होते, पाद्रीसमोर पाप कबूल केल्याने क्षमा मिळते, मिस्सेतील भाकर व द्राक्षरस ख्रिस्ताचे शरीर व रक्त होतात. उरलेल्या चार खुणा म्हणजे दृढीकरण, आजाऱ्याला पवित्र तेल लावणे, पाद्रीपदाची दीक्षा आणि विवाह. मुलाला यातील ब्रह्मविद्या समजावी अशी अपेक्षा नव्हती. शब्द चुकू नये, एवढी मात्र होती.

संवादाचा हा प्रकार विदर्भातील अभ्यासकांना एका बाबतीत चकित करील. 'लीळाचरित्रा'त प्रश्न भक्तजन विचारतात आणि उत्तर श्रीचक्रधर देतात. महदाइसेची जिज्ञासा तर तेथे कौतुकाचा विषय आहे. जोर्जच्या पुस्तकात नेमके उलट आहे. विचारतो गुरू आणि उत्तर देतो शिष्य. येथे प्रश्न जिज्ञासेचा नसून परीक्षेचा आहे, आणि उत्तर आधीच ठरलेले आहे. विशेष म्हणजे जपानी रूपांतरकारांनी ही मांडणी फिरविली. तेथे शिष्य विचारतो आणि गुरू उत्तर देतो. त्या देशात मिशनऱ्यांच्या पाठीशी राजसत्ता नव्हती. श्रोत्याला पटवून देणे भाग होते.

गोव्यात ती सत्ता होती, आणि 'मुलांसाठी' या शब्दाचा विचार त्या संदर्भातच केला पाहिजे. 1559 च्या राजाज्ञेने हिंदू अनाथ मुलांना ख्रिस्ती संस्थांच्या हवाली करण्याची तरतूद केली. 1567 मध्ये रायतूरच्या पोर्तुगीज कप्तानाने साष्टीतील देवळे मोठ्या संख्येने पाडली. 1583 मध्ये कुंकळ्ळी येथे पाच जेझुइट मारले गेले. स्टीफन्स 1579 च्या ऑक्टोबरात गोव्यास उतरले होते आणि त्यांचे बहुतेक आयुष्य याच साष्टीत गेले. दौत्रिना घोकणाऱ्या मुलांच्या पहिल्या पिढीतील आईबापांनी जुन्या देवळांत पूजा केलेली होती. झेवियर 1542 मध्ये गोव्याच्या रस्त्यांतून घंटा वाजवीत मुलांना गोळा करीत, आणि पुढे दक्षिणेच्या किनाऱ्यावर त्यांनी मुलांना सांगितले की घरी जाऊन आईबापांना आणि शेजाऱ्यांना शिकवा. घराची परंपरा वरून खाली वाहते, हा आपला अनुभव. येथे ती खालून वर वाहविण्याचा यत्न होता. दौत्रिनेच्या गोडव्याबद्दल लिहिणारे काही लेखक हे विसरतात, आणि केवळ जुलमाबद्दल लिहिणारे हे विसरतात की या पुस्तकाचा कर्ता परदेशी असूनही मुलाच्या घरातली बोली शिकला आणि तिचे व्याकरणही त्याने रचले. ते व्याकरण 1640 मध्ये रायतूरलाच छापले गेले.

आता शब्दांकडे वळू. स्टीफन्स यांच्या काळापासून रुळलेली कॅथलिक परिभाषा कोंकणीत आजही जिवंत असल्याने तिची तपासणी सोपी आहे. ईश्वराला देव हाच शब्द आहे. जपानमध्ये झेवियर यांनी प्रथम एका बौद्ध नावाचा आधार घेतला आणि चूक ध्यानी येताच लॅटिन देऊस स्वीकारला. गोव्यात तशी वेळ आली नाही. स्वर्गाला सर्ग, नरकाला यमकोंड, पापाला पातक, जिवाला आत्मो. पुराणात तर स्वर्गाला वैकुंठ म्हणण्यासही स्टीफन्स कचरले नाहीत. विष्णूचे धाम ख्रिस्ताला देताना त्यांचा हात थरथरला नाही, ही धिटाई लहान नव्हे. परंतु हाच लेखक व हीच परंपरा विधीपाशी येताच देशी भाषेचे दार लावून घेते. साक्रामेंत, बाप्तिझम, मीस हे शब्द पोर्तुगीज. पापाची कबुली कुमसार, ख्रिस्तशरीराचे सेवन कुमगार, लग्न काजार हे शब्दही पोर्तुगीज क्रियापदांवरून आलेले. म्हणजे जे कोणी पाहिले नाही त्याला गावातले नाव, आणि जे डोळ्यांसमोर घडते त्याला परगावचे.

याचे कारण शब्दांच्या तुटवड्यात शोधता येत नाही. स्नान, दीक्षा, प्रायश्चित्त, प्रसाद, यज्ञ हे शब्द हाताशी होते. तुटवडा नव्हता, गर्दी होती. वैकुंठ म्हटल्याने कोणी वैकुंठास जात नाही. कथेच्या ओघात त्या शब्दाला नवा अर्थ चिकटविता येतो, त्यासाठी अकरा हजार ओव्यांचा अवकाश आहे. बाप्तिझमला स्नान म्हटले, तर मूल गावच्या तळीवरील पर्वस्नान आणि चर्चमधले पाणी एकाच मापाने मोजील. प्रसाद म्हटले, तर वाटून खाण्याची गोष्ट होईल. दोन ओळींच्या उत्तरात हा गोंधळ निस्तरण्यास जागा नाही. शिवाय विधीची मालकी हा प्रश्न होताच. याला पुष्टी देणारा भाग असा की उपास आणि मागणे हे शब्द देशीच राहिले. उपास प्रत्येकाला घरी करता येतो. मीस मात्र पाद्रीच करू शकतो. परक्या नावामागे त्याचा अधिकार सुरक्षित राहिला. या नियमाला अपवाद आहेत. पवित्र आत्म्याला इस्पिरितु सांतु आणि देवदूताला आंज म्हटले गेले. पण पवित्र आत्म्याचे नाव बाप्तिझमच्या मंत्रातच उच्चारले जाते, म्हणून तो अपवाद कदाचित अपवादच नसेल.

लिपीच्या बाबतीत मात्र स्टीफन्स यांची इच्छा निराळी होती. 1608 मध्ये रोमला जेझुइट प्रमुखांना लिहिलेल्या पत्रात त्यांनी देशी भाषेतील ग्रंथ देशी अक्षरांतच छापले जावेत अशी आस व्यक्त केली आणि अडचणही सांगितली. युरोपात चोवीस अक्षरांवर भागते, येथे सहाशेपर्यंत साचे पाडावे लागतील. ते पाडले गेले नाहीत. पुराण आणि दौत्रिना दोन्ही रोमन अक्षरांत निघाली. महानुभावांनी आपले ग्रंथ सकळ लिपीत मुद्दाम झाकले. येथे खिळ्यांच्या अभावाने तोच परिणाम झाला. पुराण देवनागरीत छापून मराठी वाचकांच्या हाती येण्यास 1956 साल उजाडावे लागले. ते काम शांताराम बंडेलू यांनी केले.

दौत्रिनेवरील पुढचा आघात तिच्याच राज्यकर्त्यांकडून आला. 27 जून 1684 च्या फर्मानाने विसेरेई कोंद द आल्व्होर यांनी देशी भाषेचा वापर तीन वर्षांत सोडण्याचा आदेश दिला. पाद्री व शिक्षक यांनी मुलांना पोर्तुगीजमधूनच शिकवावे असे त्यात म्हटले होते. ज्या मुलांसाठी एका इंग्रज पाद्रीने त्यांची बोली आत्मसात केली, त्यांनीच ती टाकावी, ही अपेक्षा होती. फर्मान पुरते अमलात आले नाही. घरातली दोतोर्न, म्हणजे दौत्रिनाच, टिकली.

मराठीत ही निवड पुन्हा करण्याचा प्रसंग व्हॅटिकनच्या दुसऱ्या परिषदेनंतर आला. 1963 मध्ये परिषदेने उपासनेत लोकभाषेला वाट करून दिली. वसईच्या कॅथलिकांना जुन्या पोर्तुगीज आमदानीचा वारसा होता. नागपूरच्या धर्मप्रांताची स्थापना 1887 ची आणि येथील काम फ्रान्सिस द सेल्सच्या नावाने चालणाऱ्या फ्रेंच संघाने उभारलेले, त्यामुळे कुमसार-कुमगाराची परंपरा येथे नव्हती. नव्या मराठीने स्टीफन्स यांनी लावलेले दार उघडले. बाप्तिझमला स्नानसंस्कार, कबुलीला प्रायश्चित्त, पाद्रीपदाला गुरुदीक्षा. सातांना मिळून संस्कार.

हा शब्द देखणा आहे आणि अवघडही. 'चांगले संस्कार' म्हणजे वळण, हे मराठी मुलाला बालवाडीतच कळते. सोळा संस्कार त्याच्या शेजाऱ्याच्या घरी होतात. कृपेची खूण हा अर्थ मात्र शब्दातून निघत नाही, तो वेगळा सांगावा लागतो. 1910 मध्ये दहावे पायस पोप यांनी पहिल्या ख्रिस्तशरीर-सेवनाचे वय सातच्या आसपास आणले. तेव्हापासून हे सांगणे दुसरी-तिसरीतल्या मुलासाठी करावे लागते. वयाचे बंधन असल्याने शब्दानेच अर्धे काम करावे, अशी शिक्षकाची गरज असते, आणि संस्कार हा शब्द ते अर्धे काम भलत्याच बाजूने करतो. गोव्यातील मुलाला साक्रामेंत म्हणजे काय हे कळत नसे, पण ते दुसरे काहीतरी आहे असा समजही होत नसे. या बदलत्या परिभाषेत मिस्सा हा शब्द मात्र मराठीत टिकून राहिला. त्याला यज्ञ म्हणण्याचे धाडस स्टीफन्स यांना झाले नाही.