वास्तू जगते ती वापराने

जुन्या वास्तूचे जतन म्हणजे दाराला कुलूप आणि भिंतीवर फलक, अशी माझी समजूत होती. उदयपूरच्या जगनिवास महालाचा इतिहास वाचला आणि ती ढासळली.

महाराणा जगतसिंह दुसरे यांनी पिछोला तलावातील बेटावर हा महाल बांधला. तो १७४६ साली पूर्ण झाला. १९४८ साली मेवाड संस्थान राजस्थानात विलीन झाले व राज्याचा महसूल गेला. महाल मात्र पाण्यातच उभा! अशा इमारतीला ओल ही जन्माची सोबतीण. गिलावा धरून ठेवायचा तर दरसाल पैसा हवा. महाराणा भगवतसिंहांनी महालाचे हॉटेल केले. ते १९६३ साली सुरू झाले. पुढे १९७१ साली संस्थानिकांचे तनखेही बंद झाले, तेव्हा या वास्तूला स्वतःची मिळकत होती.

यात तोटा नाही असे नाही. स्नानगृहे, नळ, विजेच्या तारा यांसाठी जुन्या भिंतींना हात लावावाच लागतो. म्हणून मूळ चौक, कमानी व खांब राखावेत आणि नवे काम पुढे काढून टाकता येईल असे करावे, हा नियम मला महत्त्वाचा वाटतो. शिवाय पैसेवाल्या पाहुण्यालाच दार उघडते, हा सल उरतोच.

तरीही आपल्याकडचे वाडे एकेक करून जमीनदोस्त होताना पाहिले की वाटते, एखाद्या ओसरीवर पुस्तकांचे दुकान किंवा खाणावळ चालली असती, तर तो वाडा आज उभा असता. रिकाम्या घराची काळजी कोण वाहणार?