ट्रूनॅटवर थुंकी लावताना

लॅबमध्ये नवीन आलेल्या टेक्निशियनला आधी ट्रूनॅट या टीबी तपासणीच्या मशीनची धास्ती असते. मशीन तसं गरीब आहे. गोव्यातल्या वेर्ण्याची मोलबायो कंपनी ते बनवते, बॅटरीवर चालतं, एसीचे लाड मागत नाही. २०२० मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनेही त्याची शिफारस केली. घोटाळा होतो तो त्याच्या आधी, डबीत आणि पिपेटमध्ये. म्हणून मी शिकवते ते डबीपासून.

पेशंटला ‘थुंकी आणा’ म्हटलं की तो लाळ आणतो, आणि त्याची चूक नसते, आपण तेच मागितलेलं असतं. त्याला नीट सांगा: सकाळी उठल्यावर, काही खाण्याआधी, साध्या पाण्याने चूळ भरायची. दोन-तीनदा छाती भरून श्वास घ्यायचा, जरा रोखायचा आणि मग पोटातून जोर लावून खोकायचं. येईल तो बेडका थेट डबीत. हे काम उघड्यावर करायचं, घरात किंवा संडासात नाही, आणि समोर कुणी उभं राहायचं नाही. दोन ते पाच मिली पुरे.

डबी हातात आली की उजेडाकडे धरून तिरकी करा. लाळ पाण्यासारखी लगेच वाहते, वर फेस असतो. बेडका पिवळट, दाट, डबीच्या कडेला धरून सावकाश सरकतो. भाताची शितं दिसली तर दुसरा नमुना मागा. माणूस दहा किलोमीटरवरून एसटीने आलाय म्हणून आपल्याला संकोच वाटतो, पण नमुना खराब असेल तर त्याला तसंही परत यावंच लागतं.

नाव आणि नंबर डबीच्या अंगावर लिहा, झाकणावर नाही. मी नवीन असताना झाकणांवर लिहायचे. एकदा दोन डब्या शेजारी उघडल्या आणि झाकणं अदलाबदल झाली. दोन्ही पेशंटना पुन्हा बोलावलं, कारण कुणाचं काय हे मला शपथेवर सांगता आलं नसतं.

आणखी एक विचारा: टीबीची औषधं चालू आहेत का? उपचार किती लागू पडले हे बघायला ही तपासणी वापरत नाहीत. मेलेल्या जंतूंचाही डीएनए सापडतो आणि निकाल उगाच पॉझिटिव्ह येतो. त्यासाठी स्लाइड आणि कल्चर आहे.

आता टेबलाशी. एन-९५ मास्क, हातमोजे, खिडकी उघडी, आणि वारा तुमच्या पाठीकडून नमुन्याकडे जाईल अशी बैठक. डबीत लिक्विफॅक्शन बफरचे दोन थेंब टाका, डबी हलकेच गोल फिरवा, दहा मिनिटं ठेवा. मग पिपेटने थोडं ओढून बघा. टोकाला तार लोंबत असेल तर अजून पातळ झालेलं नाही. आणखी पाच मिनिटं द्या, दर मिनिटाला हलवा. ही पाच मिनिटं वाचवायला जाऊ नका. चिकट नमुना कार्ट्रिजमध्ये अडकतो आणि सगळं पहिल्यापासून करावं लागतं.

पातळ झालेल्यातलं अर्धा मिली लायसिस बफरच्या बाटलीत घाला, वर लिक्विफॅक्शन बफरचे आणखी दोन थेंब, पुन्हा गोल फिरवा. तीन मिनिटांत द्रव निवळतो. नाही निवळला तर आणखी दोन मिनिटं थांबा. मग बाटलीतलं सगळंच्या सगळं ट्रूप्रेपच्या, म्हणजे डीएनए वेगळा काढणाऱ्या मशीनच्या, कार्ट्रिजमध्ये, काळ्या झाकणाच्या कप्प्यात. कार्ट्रिज बसवा, स्टार्ट दाबा. वीसेक मिनिटं मशीन डीएनए धुऊन वेगळा काढतं. तेवढ्यात रजिस्टर आणि निक्षय पोर्टलवरची नोंद उरका.

कार्ट्रिज बाहेर आलं की सोबतच्या पिपेटने इल्यूटचा, म्हणजे वेगळ्या काढलेल्या डीएनएच्या द्रवाचा, कप्पा टोचून सगळं इल्यूट त्याच्या नळीत काढून घ्या. नळीवरही नंबर घाला. आपण काय काय करतो त्याचं सार त्या थेंबभर पाण्यात असतं.

पुढचा भाग हाताचा आहे. मायक्रोट्यूब उघडण्याआधी तळाशी पांढरी गोळी आहे ना ते बघा. फिल्टरच्या टिपने सहा मायक्रोलिटर इल्यूट तिच्यावर सोडा आणि हात मागे घ्या. टिचकी मारायची नाही, हलवायचं नाही, पिपेटने वरखाली करायचं नाही. अर्ध्या ते एका मिनिटात गोळी आपोआप विरघळते. त्याच टिपने सहा मायक्रोलिटर उचला आणि चिपच्या पांढऱ्या खड्ड्यात मधोमध सोडा. टिप खड्ड्याला घासू देऊ नका, ओरखडा पडला की चिप गेली. बुडबुडा टाळायचा तर पिपेटचा खटका दुसऱ्या थांब्यापर्यंत दाबू नका. घरी पाण्याचे थेंब टाकून सराव करा, लाजायचं कारण नाही.

चिप मशीनमध्ये गेल्यावर साधारण चाळीस मिनिटांत क्षयाचे जंतू आहेत की नाही ते कळतं. ‘इनव्हॅलिड’ आलं तर नमुना पुन्हा लावायचा, त्याला निगेटिव्ह म्हणायचं नाही.

पॉझिटिव्ह आलं तर नवीन नमुना नको. त्याच इल्यूटमधून सहा मायक्रोलिटर रिफच्या, म्हणजे रिफाम्पिसिनच्या, मायक्रोट्यूबमध्ये, तीच रीत, दुसरी चिप, आणखी तासभर. रिफाम्पिसिन जंतूच्या ज्या एन्झाइमला जाऊन अडतं, त्याच्या एका भागाचा आराखडा आरपीओबी जनुकात असतो. तिथल्या छोट्याशा पट्ट्यात बदल झाला की औषधाची पकड सुटते. रिफची चिप तेवढा पट्टा तपासते. डबी हातात आल्यापासून सव्वादोन-अडीच तास झाले. कल्चरवर हेच कळायला कित्येक आठवडे जायचे आणि तोवर पेशंट लागू न पडणाऱ्या गोळ्या खात बसायचा.

निकाल वाचताना घाई नको. ‘इंडिटरमिनेट’ म्हणजे सांगता येत नाही, बहुधा जंतू फार कमी असल्यामुळे. दुसऱ्या नमुन्यावर पुन्हा करा. जंतू अगदी कमी, पूर्वी कधी टीबी नाही, घरात कुणाला नाही आणि तरी रेझिस्टन्स दिसतोय, तर तोही दुसऱ्या नमुन्यावर पडताळून घ्या. आणि ‘रेझिस्टन्स नॉट डिटेक्टेड’ हे फक्त रिफाम्पिसिनबद्दल आहे. आयसोनियाझिड लागू पडेल का, हे या चिपला विचारलेलंच नाही. त्यासाठी दुसरा नमुना एलपीएला, म्हणजे लाइन प्रोब असेला, जातो. रिफला दाद न देणाऱ्या पेशंटचा नमुनाही पुढे जातो, फ्लोरोक्विनोलोन चालतील का ते बघायला. तीन थरांचं पॅकिंग, जेल पॅक, थंड डबा. फक्त नमुन्याचा बर्फ होऊ देऊ नका.

वापरलेल्या चिपा, मायक्रोट्यूब, टिपा अर्ध्या टक्क्याच्या ताज्या हायपोक्लोराइटमध्ये तीस मिनिटं बुडवा, मग कचऱ्याच्या ठरल्या पिशवीत. इल्यूटच्या नळ्या आणि चिपा एकाच ट्रेमध्ये कधीच ठेवू नका.

रेझिस्टन्स निघाला तर रिपोर्ट छापून टपालात घालून बसू नका. आधी डॉक्टरांना फोन, मग एसटीएसना, म्हणजे उपचार पर्यवेक्षकांना, त्याच दिवशी. आणि आशाताईंना सांगा, दुसरी डबी घ्यायला जाल तेव्हा घरातल्या बाकीच्यांना खोकला आहे का तेही विचारून या.