गोडं पाणी आधी कुणाला?

बोईसरच्या पश्चिमेला, समुद्र आणि खाडीच्या मधल्या गावांत पाण्याच्या दोन जाती असतात. नळाचं किंवा टँकरचं ते गोडं, अंगणातल्या बोअरचं ते खारं. मी लग्न होऊन या पट्ट्यात आले तेव्हा घराची रीत ठरलेली होती. गोड्या पाण्याचा हंडा चहाला, डाळीला आणि पाहुण्यांना राखून ठेवायचा, कारण बोअरच्या पाण्यात चहा फाटतो आणि डाळ शिजता शिजत नाही. तहान मात्र बोअरवर भागवायची. सगळ्यांत जास्त खारं पाणी प्यायच्या त्या सासूबाई. त्यांना त्याची सवय होती, शिवाय हंड्यातलं पाणी इतरांना पुरावं असं त्यांच्या मनात असे.

त्यांचं बीपी वाढलं. गोळ्या सुरू झाल्या, मग वाढल्या, तरी संध्याकाळी पाय सुजायचे ते सुजायचेच. मीठ कमी करा म्हटल्यावर लोणचं, पापड, खारवलेला बांगडा सगळं बंद केलं, भाजीही अळणी करू लागलो. आकडा उतरेना. शेवटी एका डॉक्टरांनी विचारलं, “आजी, पाणी कुठलं पिता?” तोवर हा प्रश्न आम्हाला कुणीच विचारला नव्हता.

बोअरचं पाणी तपासून घेतलं. त्यात क्लोराइड लिटरला हजार मिलिग्रॅमच्या वर निघालं. भारतीय मानक १०५०० प्रमाणे ते २५० पर्यंत असावं. दुसरा स्रोतच नसेल तर १००० पर्यंत चालवून घेतात. आता हिशोब मांडा. हे सगळं क्लोराइड मिठाचं धरलं, तर हजाराला लिटरमागे सुमारे १.६ ग्रॅम मीठ होतं. उन्हाळ्यात तीन लिटर पाणी प्यायलं की जवळपास ५ ग्रॅम मीठ पोटात गेलं. जागतिक आरोग्य संघटना सांगते, की मोठ्या माणसाने दिवसभराच्या सगळ्या खाण्यापिण्यात मिळून ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ घ्यावं. म्हणजे जेवायला बसण्याआधीच दिवसाचा वाटा संपलेला!

सासूबाईंना प्यायला फक्त गोडं पाणी द्यायला लागलो. गोळ्याही चालूच होत्या. हळूहळू बीपी आटोक्यात आलं, सूज ओसरली. सगळं श्रेय पाण्याला द्यायला डॉक्टर तयार नव्हते आणि मीही देणार नाही. पण सोडियम जास्त झालं की शरीर पाणी धरून ठेवतं, रक्तवाहिन्यांवरचा भार वाढतो आणि मूत्रपिंडांना जादा राबावं लागतं, हे ठाऊक असताना तो भार पेल्यातून का वाढवायचा?

गरोदर बाईला याचा धोका अधिक. बांगलादेशात खुलना भागातल्या दाकोप इथे झालेला एक अभ्यास २०११ मध्ये प्रसिद्ध झाला. तिथे पावसाळ्यापेक्षा कोरड्या महिन्यांत, म्हणजे पाणी जास्त खारं असताना, गरोदरपणातला उच्च रक्तदाब अधिक बायांमध्ये आढळला. आपला किनाराही फाल्गुन-चैत्रापासून असाच खारावतो.

म्हणून माझं कळकळीचं सांगणं आहे, की गोडं पाणी अपुरं असेल तर त्याचा क्रम बदला. पहिला हक्क गरोदर बाईचा. मग बीपी, हृदय किंवा मूत्रपिंडाचा आजार असलेल्यांचा आणि घरातल्या वडीलधाऱ्यांचा. सहा महिन्यांच्या आतल्या बाळाला आईचं दूध पुरतं, वरचं पाणी नकोच. बाळाला पावडरचं दूध द्यावं लागत असेल, तर ते खाऱ्या पाण्यात कधीही कालवू नका. तान्ह्याच्या मूत्रपिंडांना जादा मीठ बाहेर टाकता येत नाही. जुलाबात द्यायचं ओआरएसही गोड्या पाण्यातच करा, नाहीतर त्यातलं मिठाचं माप बिघडतं. पाहुण्यांचा चहा या सगळ्यांनंतर.

गरोदर बाईचं डोकं ठणकत असेल, डोळ्यांपुढे अंधारी येत असेल, चेहरा-हात सुजले असतील किंवा पोटात वरच्या बाजूला दुखत असेल, तर पाणी बदलून वाट पाहत बसू नका. त्याच दिवशी दवाखाना गाठा. बीपीच्या गोळ्याही स्वतःच्या मनाने बंद करू नका.

पाणी उकळून मीठ जात नाही, उलट पाणी आटतं आणि खारटपणा वाढतो. तुरटी, कँडल फिल्टर, यूव्ही यांनीही ते जात नाही. घरगुती यंत्रांपैकी आरओ मीठ काढतं, आणि त्यातून वाया जाणारं पाणी फरशी पुसायला वापरता येतं. टीडीएस मीटर फक्त एकूण विरघळलेले क्षार दाखवतो. ते मीठ आहे, की जड पाण्यातलं कॅल्शियम-मॅग्नेशियम, की आणखी काही, हे त्याला कळत नाही. आपण तारापूर एमआयडीसीच्या कारखान्यांशेजारी राहतो. म्हणून ग्रामपंचायतीमार्फत प्रयोगशाळेत पूर्ण रासायनिक तपासणी मागा, तीही उन्हाळ्यात एकदा आणि पावसानंतर एकदा.

बोअर आणखी खोल मारणं हा उपाय नाही. किनाऱ्यावर गोडं पाणी खालच्या खाऱ्या पाण्यावर तरंगत असतं. ठोकताळा असा, की समुद्रसपाटीच्या वर गोडं पाणी १ मीटर असेल, तर खाली ते साधारण ४० मीटर असतं. वरचं उपसून १ मीटरने उतरवलं, की कालांतराने खालचं खारं पाणी त्याच प्रमाणात वर चढतं. त्यापेक्षा पाऊस साठवा. पाचशे चौरस फुटांच्या छपरावर १०० मिलिमीटर पाऊस पडला, की सुमारे साडेचार हजार लिटर पाणी येतं. थोडं वाया गेलं तरी साडेतीन हजार हाती लागतं. पहिल्या सरींचं पाणी सोडून द्या, पुढचं गाळून विहिरीत जिरवा. वसईची बावखलं, म्हणजे तिथली जुनी छोटी तळी, हेच काम करत आली आहेत. जी उरली आहेत ती बुजू देऊ नका.

२०१९ मध्ये सुरू झालेल्या जल जीवन मिशनने माणशी रोज ५५ लिटर शुद्ध पाण्याचं उद्दिष्ट ठेवलं आहे. धामणी धरणामुळे सूर्या नदीचं गोडं पाणी आपल्याच जिल्ह्यात आहे. ते शेवटच्या घराच्या नळाला किती येतं, हे ग्रामसभेत विचारा आणि उत्तर इतिवृत्तात लिहून घ्या.

दवाखान्यात जाताना गोळ्यांच्या पाकिटाबरोबर पाण्याच्या तपासणीचा कागदही न्या. डॉक्टरांनी विचारलं नाही, तरी आपण प्यायला कुठलं पाणी घेतो, ते स्वतःहून सांगा.